‘पूर्ण बरी झाली की पाठवा’ असं शाळांनी म्हणू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा आता सुरू होतील. पटावर नाव आहे, पण पाय, पोट किंवा डोकं महिनोन्‌महिने दुखतंय म्हणून घरी बसलेली मुलंही त्या पटावर असतील. त्यांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आणि अशाच एका मुलीची आजी.

माझी नात सातवीत. खो-खो खेळताना घोटा मुरगळला, प्लास्टर घातलं, यथावकाश निघालं. एक्स-रे ठीक, पुढे एमआरआयही ठीक. दुखणं मात्र वाढतच गेलं. पाय गार पडायचा, निळसर दिसायचा. मोजा सहन होत नसे. रात्री चादर पायाला नुसती लागली तरी कळवळून उठायची. रिपोर्टमध्ये काही निघेना, तेव्हा लोक जे बोलतात ते सगळं तिच्या कानावर पडलं: परीक्षा आली म्हणून सोंग करतेय, लाडावलीय, शाळा बुडवायला निमित्त हवंय. एवढ्याशा पोरीने दुखणं सोसायचं आणि वर ते खरं आहे हे मोठ्यांना पटवतही बसायचं!

पुण्याच्या एका वेदनातज्ज्ञांनी निदान केलं, ‘कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम’. इजा भरून आली तरी मज्जासंस्था दुखण्याचा इशारा देतच राहते. वयात येणाऱ्या मुलींमध्ये, त्यातही पायाला, हे जास्त आढळतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी नातीला समजावलं, ‘चोर केव्हाच पळाला, राखणीचं कुत्रं अजून भुंकतंय. त्याला आपण शांत करायचं.’ आपलं दुखणं खरं आहे असं कुणी डॉक्टरांच्या खोलीत बसून म्हणालं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. बरं होणं तिथूनच सुरू झालं, असं मी मानते.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मुलांच्या जुनाट वेदनेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात औषधांबरोबर व्यायामोपचार आणि मानसशास्त्रीय उपचारही आहेत. मानसशास्त्रीय म्हटलं की घरचे दचकतात, ‘म्हणजे पोर वेडी आहे का?’ तसं काही नसतं. भीतीने अंग आवळून धरलं जातं, झोप उडते, हालचाल थांबते आणि दुखणं आणखी बळावतं. हे चक्र थांबवायला समुपदेशकाची मदत लागते. मात्र सांधा सुजत असेल, सकाळी आखडत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी त्याची नीट तपासणी व्हायलाच हवी.

आमच्या घरी रोज संध्याकाळी पायाचा अभ्यास चालायचा. आधी कापसाचा बोळा पावलावरून फिरवायचा, मग माझ्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, मग खणाचा, मग पंचा आणि शेवटी घोंगडीचा तुकडा. घोंगडीपाशी ती बरेच दिवस अडली होती. डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून, पण स्वतःच्याच हाताने फिरवायची. दुसऱ्या कुणी लावायचं नाही, हा ताईंचा नियम होता. पुढे परातीत तांदूळ घेऊन त्यात पाऊल बुडवायचं, नंतर हरभरे. घरच्यांसाठीही एक नियम होता: ‘दुखतंय का गं?’ असं सारखं विचारायचं नाही, ‘आज काय काय केलंस?’ असं विचारायचं. तिच्या आईला हे फार जड गेलं, पण तिने ते निभावलं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे आधी आराम, बरं वाटलं की शाळा, असा क्रम ठरलेला आहे. या दुखण्यात तो उलटा चालतो. आधी पाय जमिनीवर टेकायचा, झोपेची वेळ बसवायची, मैत्रिणींत जायचं. दुखणं त्यामागून हळूहळू ओसरतं. पाय जितका जपून ठेवाल तितका तो हुळहुळा होत जातो. म्हणून शाळेत जाणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि नेमकं शाळेने सांगितलं, ‘पूर्ण बरी झाली की पाठवा, आम्हाला जबाबदारी नको.’ भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांची धास्ती मला कळते, मीही तेच काम आयुष्यभर केलं. तरीही सांगते, या मुलांना लागतं ते थोडकंच आहे. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंतची शाळा. वर्ग तळमजल्यावर. तासाला मध्येच उठून दोन पावलं टाकायची मोकळीक. खेळाच्या तासाला घरी न पाठवता आधी गुण मांडायला बसवणं, मग जमेल तसं मैदानात उतरवणं. वर्गासमोर ‘आज तरी बरं आहे का?’ अशी विचारपूस नको. नातीच्या वर्गशिक्षिकेने पुढे हे सगळं स्वतःहून केलं. आज नात जिना चढून वर्गात जाते. थंडीत पाय अजून ठणकतो, तरी ती जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतात. डोळे, दात, वजन, उंची पाहतात. त्यांनी वर्गशिक्षकांना एक प्रश्न जरूर विचारावा: दुखण्यामुळे तीन महिन्यांहून जास्त काळ गैरहजर किंवा अधूनमधून गैरहजर असं कुणी आहे का? घरी बसलेलं मूल तपासणीच्या दिवशी रांगेत नसतंच, त्यामुळे ते पथकाला दिसणार नाही. हजेरीपटावर मात्र ते दिसतं. आणि शिक्षण विभागाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अशा मुलांना अर्धवेळ हजेरीची मुभा देणारं परिपत्रक काढलं, तर मुख्याध्यापकांनाही जबाबदारीची धास्ती उरणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
वाई, जि. सातारा