फिश टँकचा टायमर आणि आपली जाणारी लाईट

संपादक साहेब, नमस्कार.

जळगाव, भुसावळ, धुळे कुठेही बघा, आता घरोघरी आणि दुकानातही फिश टँक दिसतात, आणि त्यांच्या दिव्याला लावलेला टायमर "खराब निघाला" म्हणून दुकानात परत येतो नाहीतर कचऱ्यात जातो. यातले बरेचसे टायमर चांगले असतात हो! गडबड आपल्याकडे लाईट जाते त्याची आहे, आणि हे विकताना कोणी सांगतच नाही म्हणून हे पत्र.

तो गोल चकतीचा, खाली-वर होणाऱ्या पिनांचा टायमर असतो ना, एक पिन म्हणजे १५ मिनिटं, अशा ९६ पिना, त्याच्या आत छोटी मोटर असते आणि ती घरातल्या ५० हर्ट्झच्या करंटवरच फिरते, आत सेल बिल नसतो. म्हणजे लाईट गेली की त्याचं घड्याळ जागच्या जागी थांबतं आणि लाईट आली की तिथूनच पुढे चालू. दुपारी दोन तास लाईट गेली तर संध्याकाळी ४ ला लागणारा दिवा ६ ला लागणार आणि रात्री १० ऐवजी १२ ला बंद होणार, आणि हा फरक आपोआप कधीच भरून निघत नाही, उलट वाढत जातो. मे महिन्यात वादळी वारं सुटलं की रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, तारा पण तुटतात, मग चार-पाच तासांचं काय घेऊन बसलात. शेवटी दिवा रात्री दोनला पेटतो आणि माणूस म्हणतो टायमर येडा झाला. चकती फिरवून आत्ताची वेळ बाणासमोर आणा, काम झालं. लाईट गेली की दर वेळी हे करायचं, आणि बाजूचं छोटं बटण कायम-चालूवर तर सरकलं नाही ना तेही बघायचं, झाडू मारताना हात लागून सरकतं ते.

डिजिटल टायमरमध्ये छोटा चार्ज होणारा सेल असतो म्हणून तो लाईट गेली तरी वेळ धरून ठेवतो. पण सेल जुना झाला की लाईट जाताच स्क्रीन कोरी होते आणि सगळं सेटिंग पुसून जातं, तेव्हा मात्र खरंच बदलायची वेळ आली समजा. नवीन असेल तर आधी काही तास प्लगमध्ये ठेवून चार्ज होऊ द्या, बारीक भोकातलं रिसेट टोकदार वस्तूने दाबा, मग वेळ लावा, आणि एएम-पीएम नीट बघा, अर्ध्या तक्रारी तिथंच असतात असं मला वाटतं. अजून एक, बऱ्याच टायमरमध्ये मोड ऑनवरून ऑटोवर आणला तर दिवा पुढची बंद व्हायची वेळ येईपर्यंत चालूच राहतो, आणि ऑफवरून आणला तर पुढची चालू व्हायची वेळ येईपर्यंत बंदच. त्यामुळे मधल्या वेळेत सेटिंग करून लगेच "चालत नाही" म्हणू नका, एक दिवस जाऊ द्या.

टायमर टिक करतो पण दिवा विझतच नाही, असं असेल तर आतले कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्या, चिकटलेले असू शकतात, एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला करंट पुरवणारा छोटा भाग, चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतो त्याने होतं हे. खात्री करायला टँकचा दिवा काढून त्याजागी टेबल लॅम्प लावा, तोही विझला नाही तर टायमरच गेला, तो लगेच काढून टाका.

आणि कृपा करून फिल्टर आणि हवेचा पंप टायमरवर लावू नका! आपल्या उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी राहतो, त्यात पंप रात्रभर बंद राहिला तर सकाळी मासे वर तरंगताना दिसतात, फार वाईट वाटतं. टायमरवर फक्त दिवा, तोही ६ ते ८ तास पुरे, जास्त ठेवला तर काचा शेवाळाने हिरव्या होणार. वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी सोडा म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल.

दुकानदार भाऊंना विनंती आहे, ज्या गावात लाईट सारखी जाते तिथल्या गिऱ्हाईकाला चकतीचा टायमर देताना एवढं तरी सांगा, नाहीतर थोडे पैसे जास्त गेले तरी सेलवाला द्या. आणि तुमच्या पेपरात उन्हाळ्याआधी हे छापलं तर बऱ्याच घरातले मासे वाचतील.

— एक वाचक, भुसावळ