खोडलेली रेघ

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळच्या लोकलला मी निघतो तेव्हा तू झोपेत असतेस, म्हणून हे लिहून ठेवतोय. काल तुझी गणिताची वही पाहिली. एका शाब्दिक उदाहरणाखाली तू रेघ आखून टोकांना चर्चगेट, विरार लिहिलं होतंस आणि मग सगळं खोडलं होतंस. आई म्हणाली, "नववीत कोण रेघा आखतं, असं म्हणत होती." मला ते लागलं.

अंतर ६० किलोमीटर. जाताना वेग ताशी ४०, येताना ताशी ६०. येऊन-जाऊन सरासरी वेग किती? तू बेरीज करून दोनाने भागलंस, ५०. आता तीच रेघ पुन्हा आख. जायला दीड तास, यायला एक. म्हणजे १२० किलोमीटरला अडीच तास, ताशी ४८. हे दोन कुठे गेले ते रेघेवर दिसतं: हळू गाडीत तू अर्धा तास जास्त बसलीस. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ गेली असतीस, तर तुझे ५० बरोबर होते.

मुलांची गणितातली समज कशी वाढते यावर सुझन पिरी आणि थॉमस किएरन यांनी बरंच काम केलं. त्यांचा १९९४ सालचा लेख मी वाचलाय. समज एकात एक वर्तुळांसारखी बाहेर पसरते, आणि अडलं की मूल आतल्या वर्तुळाकडे परततं, चित्र काढतं, लहान आकडे घेऊन बघतं, असं ते म्हणतात. मला त्यातलं पुढचं फार मोलाचं वाटतं. परतलेलं मूल पूर्वीचं नसतं. बाहेर शिकलेलं सोबत घेऊन ते येतं, त्यामुळे जुनी समजही भरीव होते. पाचवीत तुझ्या रेघेवर फक्त अंतर होतं. आज तू तिच्यावर वेळ मांडू शकतेस.

क्लासमध्ये घड्याळ लावून गणितं सोडवायला लावतात, त्यात ही परतायची सवय मोडते, असं माझं ठाम मत आहे.

मात्र नुसतं परतून भागत नाही. कितीतरी मुलं सुबक आकृती काढतात आणि पुन्हा तेच सूत्र लावतात. आकृतीला काहीतरी विचारावं लागतं. इथे विचारायचं होतं, दोन्ही वेळा सारखं काय, अंतर की वेळ?

पुढच्या पानावर नळाचं गणित आहे. एक नळ टाकी ३ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत. दोन्ही सोडले तर? साडेचार लिहायचा मोह होईल. पण पहिला एकटाच तीन तासांत भरतो ना? मग अपूर्णांकांकडे जा, एका तासात टाकीचा केवढा भाग भरतो ते बघ. टाकी काढलीस तर खोडू नकोस. रविवारी मला ती बघायची आहे.

तुझा,
बाबा