कपारोचा गाळ

मा. मंत्रिमहोदय, पोर्ट ऑफ स्पेन

स. न. वि. वि.

इंग्रजीत तीन अर्ज दिले, उत्तर नाही. वाचणारच नसाल तर मी माझ्या भाषेत का लिहू नये? माहेर सातारा, सासर त्रिनिदाद, शेत कपारो नदीच्या काठी.

मंगळवारी रात्री नदी वावरात शिरली. सकाळी बोडीच्या, म्हणजे लांब चवळीच्या, मांडवाची नुसती टोकं वर दिसत होती. वांग्याला इथे अजून बैगनच म्हणतात. ती चार दिवस पाण्यात उभी राहून मुळातून सडली. पंपही गेला. जानेवारी ते मे ह्याच नदीतून आम्ही पाणी उचलतो. तेव्हा ती इतकी बारीक होते की वासरानं एका उडीत ओलांडावी.

पावसाआधी तुमचं यंत्र आलं होतं. गाळ उपसला, फोटो काढले, आणि गाळ काठावरच सोडून यंत्र परत गेलं! जूनच्या सरींनी तो होता तिथे नेऊन ठेवला. आमच्या गावात शेणसुद्धा गोठ्याच्या दारात टाकत नाहीत हो, उकिरड्यापर्यंत नेतात. तक्रार केली तर नदी एका खात्याची, काठ दुसऱ्याचा, पूल तिसऱ्याचा. नदीच्या वरच्या अंगाला, मामोरालला, धरण होणार होतं. ते कागदावरच राहिलं, आणि तो कागद तेवढा कोरडा असेल.

आमचे हे उसाच्या सरकारी कंपनीत होते. २००३ मध्ये ती बंद झाली, नऊएक हजार माणसं घरी बसली. दोन-दोन एकर देऊ म्हणालात. कागद हातात पडेपर्यंत ह्यांचे केस पांढरे झाले, आणि जमीन मिळाली तीही नदीच्या तोंडाशी. ह्यांचे पणजोबा हिंदुस्थानातून करारावर इथे ऊस तोडायला आले, त्यांचा करार निदान पाच वर्षांनी संपत होता.

वर भाषणं ऐकायची! अन्नाची आयात २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांनी घटवणार, असं सगळ्या कॅरिबियन सरकारांनी मिळून ठरवलं. २०२५ आलं तसं २०३० केलं. आयातीचा आकडा कुणी पाच अब्ज डॉलर सांगतं, कुणी सात. माझी बोडी त्यात धरलीय का, ते विचारून सांगा.

गाळ ट्रकमध्ये भरून लांब न्या, एवढंच मागते. अर्जांच्या पोचपावत्या जोडल्या नाहीत. त्या पेटीत होत्या, आणि पेटी पाण्यात होती.

आपली,
कपारोकाठची एक शेतकरीण