जिल्हा परिषदेच्या शाळांतही फुटबॉल हवा

महोदय,

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरले की कोल्हापूर लोटते. इथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मग खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत फुटबॉलचा विषय निघाला की पटसंख्येची सबब का? अकरा जण जमत नसतील तर पाच-पाच जणांचा खेळ मांडावा, मुलामुलींनी एकत्र खेळावे. खरी उणीव शिकवणाऱ्याची आहे. गुरुजींवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा. त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवून भागणार नाही. एकाच केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, चार-पाच शाळांनी मिळून एखादा जुना तालमीचा खेळाडू मानधनावर नेमावा. शाळा व्यवस्थापन समित्यांनी हा निर्णय जूनपूर्वी घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, ता. करवीर