प्रकट मुलाखतीतील श्रोत्यांचे प्रश्न न घेतल्याबाबत तक्रार

दिनांक : १० फेब्रुवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
प्रकट मुलाखतींच्या वार्षिक मालिकेचे आयोजक,
पुणे

विषय : ७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात जाहीर केल्याप्रमाणे संवाद व प्रश्नोत्तरे न झाल्याबाबत, तसेच शुल्क परत मिळण्याबाबत.

महोदय,

लेखक, चित्रकार, विनोदी कलाकार आणि शास्त्रज्ञ यांच्या सहा प्रकट मुलाखतींची जी मालिका आपण यंदा पुण्यात आयोजित केली आहे, तिची मी सभासद असून माझ्यासाठी आणि आठवीत शिकणाऱ्या नातीसाठी प्रत्येकी २,४०० रुपयांची दोन सीझन तिकिटे मी ऑक्टोबर महिन्यात घेतली. त्यांपैकी चार कार्यक्रम झाले. चौथा शनिवारी, ७ फेब्रुवारीला झाला आणि त्याबद्दलच हे पत्र आहे. आपल्या ग्राहक सेवेकडे मी रविवारी सकाळीच ईमेल केला होता. त्यावर दोन मिनिटांत ‘आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ असे उत्तर आले. दोन मिनिटांत माझा ईमेल कोणी वाचून होणार नाही, म्हणून आता कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

आपल्या जाहिरातीत ‘दीड तास संवाद आणि अर्धा तास श्रोत्यांचे प्रश्न’ असे स्पष्ट छापले आहे. साडेसहाचा कार्यक्रम सहा वाजून पन्नास मिनिटांनी सुरू झाला. त्यानंतर दीपप्रज्वलन, प्रायोजकांची चित्रफीत, प्रायोजकांचे मनोगत आणि सत्कार झाले. शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही, परंतु पाहुण्या एक आणि शाली चार, हा हिशोब थंडीचे दिवस धरूनही मला जुळवता आला नाही. प्रत्यक्ष मुलाखत सात पंचवीसला सुरू झाली आणि आठ वीसला, ‘नाट्यगृह साडेआठला रिकामे करून द्यायचे आहे’ असे सांगून, संपवण्यात आली. म्हणजे दोन तासांचे पैसे घेऊन पंचावन्न मिनिटे मिळाली आणि श्रोत्यांचा एकही प्रश्न घेतला गेला नाही.

ही पंचावन्न मिनिटे तरी पाहुण्यांची असती, तर मी कदाचित गप्प बसले असते. पाहुण्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होत्या आणि नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल बोलत होत्या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथे आहेत, हे पुण्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असते. मात्र या तबकड्यांचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे, त्यामुळे वारा आरपार निघून जातो, सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्चही वाचतो, हे त्यांनी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सभागृह अगदी शांत झाले होते. माझी नात खुर्चीच्या कडेवर आली होती. नेमक्या त्या क्षणी आपल्या संवादकांनी ‘तार’ हा शब्द पकडला आणि ‘वा, वा! पण मॅडम, घर आणि संशोधन ही तारेवरची कसरत कशी सांभाळता?’ असे विचारले. बाई हसल्या आणि त्यांनी बोटे सोडवली. जाळीचा विषय पुन्हा निघालाच नाही. पुढची बारा मिनिटे डबा, सासूबाई आणि आवडती भाजी यांत गेली. हा प्रश्न पुरुष शास्त्रज्ञाला विचारला गेल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आपल्याकडे चांगले संवादक नाहीत, असे मला म्हणायचे नाही. नोव्हेंबरमधल्या पहिल्या कार्यक्रमात लेखिका एका वाक्यावर थांबल्या, तेव्हा संवादक बाईंनी ती शांतता मोडली नाही आणि थोड्या वेळाने लेखिका जे बोलल्या ते त्या संध्याकाळचे सार होते. विनोदी कलाकाराच्या कार्यक्रमात मात्र किश्शाचा शेवट संवादकानेच आधी सांगून टाकला. सुधीर गाडगीळांच्या प्रकट मुलाखती ऐकलेल्या आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालवणाऱ्या या शहरात श्रोत्यांचे कान तयार असतात, हे आयोजकांनी गृहीत धरायला हरकत नसावी.

आता मुख्य मुद्दा. प्रश्नांसाठी प्रवेशद्वारापाशी आपल्या स्वयंसेवकांनी पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी वेताच्या टोपलीत गोळा केल्या. माझ्या नातीने रिक्षात बसल्यापासून मनात घोळवलेला प्रश्न लिहिला होता : ‘जाळीला भोके असतात, मग रेडिओ लहरी त्यातून गळून कशा जात नाहीत?’ कार्यक्रमानंतर तिचा राहिलेला रुमाल शोधायला आम्ही परत आत गेलो, तेव्हा ती टोपली रंगमंचाच्या पायऱ्यांशेजारी होती आणि तिच्यात चहाचे कागदी पेले टाकलेले होते. चिठ्ठ्यांच्या घड्या उघडलेल्याही नव्हत्या. तिथे आवराआवर करणाऱ्या स्वयंसेवकाला विचारले असता, ‘आजी, घेऊन जा, आम्ही टाकूनच देणार होतो,’ असे उत्तर मिळाले. तो मुलगा बिचारा नम्र होता. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही.

चिठ्ठ्या मी घरी आणून पुसून वाळवल्या. एकूण एकोणचाळीस आहेत. नातीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला माझ्या परीने दिले, कारण शाळेत तीस वर्षे मी विज्ञान शिकवले आहे : तिथे टिपल्या जाणाऱ्या लहरींची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत असते आणि जाळीची छिद्रे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची, त्यामुळे लहरींच्या दृष्टीने ती जाळी जवळजवळ सलग पत्र्यासारखीच ठरते. परंतु आजीचे उत्तर ऐकण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून पाठवत. ज्या गावात असा मनुष्य राहून गेला, तिथे मुलीचा प्रश्न चहाच्या पेल्याखाली भिजावा, याचे मला फार वाईट वाटले.

तरी या कार्यक्रमाचे दोन तिकिटांचे मिळून ८०० रुपये मला परत करावेत. एकोणचाळीसही प्रश्न पाहुण्यांकडे पोहोचवून, त्यांना सवड असल्यास त्यांची लेखी उत्तरे मिळवून ती सर्व सभासदांना पाठवावीत. उरलेल्या दोन कार्यक्रमांत प्रश्नांचा अर्धा तास राखून ठेवला जाईल, असे लेखी कळवावे. सत्कार करायचेच असतील तर ते त्या वेळेतून कापू नयेत.

जाहिरातीत कबूल केलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते, हे आपल्या विधी सल्लागारांना सांगायला नको. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही आणि निवृत्त असल्यामुळे माझ्याकडे वेळही आहे.

सोबत दोन्ही तिकिटांची प्रत, आपल्या जाहिरातीचे कात्रण आणि एकोणचाळीस चिठ्ठ्यांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. मूळ चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. त्या आपल्या माणसाने येऊन, पोच देऊन न्याव्यात.

आपली विश्वासू,
एक सीझन तिकीटधारक,
सदाशिव पेठ, पुणे