ब्लॅकबर्ड वाचवण्यासाठी लंडनमधील मराठी कुटुंबांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीतल्या कस्तुराच्या कुळातला ब्लॅकबर्ड येथील परसबागांमध्ये वसंतात पहाटेपासून गातो. पण ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या पक्षी-अभ्यास संस्थेच्या नोंदींनुसार 2018 पासून ग्रेटर लंडनमधील त्याची संख्या 40 टक्क्यांहून अधिक घटली आहे. 2020 च्या उन्हाळ्यात लंडनमधील मृत ब्लॅकबर्डमध्ये उसुतू हा विषाणू आढळला आणि ती ब्रिटनमधील त्याची पहिली नोंद ठरली. या घटीत विषाणूचा वाटा किती, याचा अभ्यास सुरू असला, तरी तो पूर्ण होईपर्यंत स्वस्थ बसणे आपल्या मराठी मंडळास योग्य वाटत नाही.

मूळच्या आफ्रिकेतील या विषाणूने 2001 मध्ये व्हिएन्नात आणि पुढे जर्मनी व नेदरलँड्समध्ये असंख्य ब्लॅकबर्ड दगावले. तो पसरवणारा क्युलेक्स डास लंडनला नवा नाही. बदलले आहे ते हवामान. बाधित पक्ष्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या शरीरात विषाणू वाढून लाळेपर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ उष्ण हवेत कमी होतो, त्यामुळे डास मरण्यापूर्वी दुसऱ्या पक्ष्याला चावून त्याला बाधा करण्याची शक्यता वाढते. रानातल्या पक्ष्यांना लस टोचणे शक्य नाही. डासांची पैदास रोखणे मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून बागेतील पावसाच्या पाण्याच्या पिंपांवर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी बसवावी आणि कुंड्यांखालच्या बश्या कोरड्या ठेवाव्यात. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी कृपया काढून टाकू नये, उन्हाळ्यात त्यांना त्याची फार गरज असते. ते रोज बदलावे, एवढेच. कीटकनाशके फवारू नयेत, कारण ब्लॅकबर्ड किड्यांवरच पिल्ले वाढवतो.

सुस्त, तोल जाणारा किंवा मेलेला पक्षी दिसल्यास हात न लावता गार्डन वाइल्डलाइफ हेल्थ प्रकल्पाकडे ऑनलाइन नोंद करावी. ऑगस्टमध्ये पिसे गळताना हे पक्षी झुडपांत दडून राहतात, तेव्हा केवळ दिसेनासे झाल्याने घाबरून जाऊ नये.

सामुदायिक भाजीमळ्यांतील पिंपांना जाळ्या बसवण्यासाठी आणि ज्येष्ठांच्या बागांत हे काम करून देण्यासाठी मंडळास निधी व स्वयंसेवक हवे आहेत. यथाशक्ती देणगी, उरलेली जाळी किंवा शनिवारचे दोन तास, जे जमेल ते द्यावे. नावे मंडळाच्या कार्यवाहांकडे मेअखेर नोंदवावीत, म्हणजे डास वाढण्यापूर्वी जाळ्या बसवता येतील.

आपली नम्र,
कार्यकारिणी