आवाज मोठा झाला, पण शब्द कुठाय?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सणासुदीच्या तोंडावर तुमच्या पेपरात एका पानावर इअरबड्सच्या ऑफर आणि दुसऱ्या पानावर कानाच्या मशीनचे फ्री चेकअप कॅम्प, अशा जाहिराती येतायत. त्यात बॅटरी किती तास, डिस्काउंट किती, हप्ता किती सगळं असतंय पण ती वस्तू घालून माणूस बसणार कुठं आणि ऐकणार कुणाचं, हे काय कुणी विचारत नाही. दुकानात पण नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो, भिंतीला लागून फाउंड्री आहे, त्यामुळं कान हा आमच्याकडं रोजचा विषय, म्हणून लिहितोय. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी ऑफिसवाल्यांचं. माझी पुतणी टिळकवाडीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिनं चांगले महागातले ब्लूटूथ बड्स घेतले, गाणी एकदम झकास, आणि मीटिंग चालू झाली की समोरचा विहिरीत उतरून बोलतोय असं. तिला वाटलं नेटचा प्रॉब्लेम, नेट बदललं, तरी तेच. भानगड अशी आहे की ब्लूटूथवर गाणी ज्या वाटेनं येतात त्या वाटेनं कॉल येत नाही. बड्समधला माईक चालू झाला की बहुतेक लॅपटॉप गाण्याची वाट सोडून कॉलच्या वाटेवर जातात आणि तिथं आवाज छाटून येतो, अगदी साधा सेट असेल तर जुन्या टेलिफोनसारखा ३०० ते ३४०० हर्ट्झ (आवाजाची पट्टी मोजायचं माप) एवढाच, बरा असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणजे पैसे ज्या आवाजाचे दिले तो मीटिंगमध्ये येतच नाही. उपाय फुकटातला आहे, मीटिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन माईक लॅपटॉपचा निवडायचा आणि ऐकायला बड्स ठेवायचे, बऱ्याच वेळा तेवढ्यानंच काम होतंय. आणि गल्लीत आवाज असेल, आपल्या गल्लीत कधी नसतो म्हणा, तर वायरचा यूएसबी हेडसेट घ्यावा, तोंडासमोर दांडीवर माईक असलेला. दिसायला कॉल सेंटरवाला दिसतो, पण समोरच्याला तुमचं बोलणं कळतंय.

डब्यावर नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं असतंय त्यात पण गोंधळ आहे. एक असतंय तुमच्या कानासाठी आणि एक असतंय तुमच्या माईकसाठी, दोन्ही वेगळी. कानासाठीचं आहे ते फॅन, एसी, बसचं इंजिन असली एकसारखी घुमणारी घरघर छान मारतंय पण कुकरची शिट्टी, हातोडीचा ठोका, बाजूच्या टेबलावरची बडबड तेवढी जात नाही. आणि ते कितीही भारी असलं तरी तुमच्या मागं भोंगा वाजत असेल तर समोरच्याला तो ऐकू जाणारच, त्याला माईकवालं लागतंय. दुकानात हा फरक विचारून बघा, किती जण सांगतात.

आता आमच्या बाजूचं. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासायला, पोरं ग्राइंडर धरतात तेव्हा कानात बड्स घालून गाणी लावतात, विचारलं तर म्हणतात आवाज बंद होतोय. बंद कुठला वो, ग्राइंडरच्या वर गाणं ऐकायचं तर गाणं त्याहून मोठं करावं लागतंय, कानाला दोन्हीचा मार. आपल्याकडं कारखान्याच्या नियमात ८ तासांना ९० डेसिबलची हद्द आहे. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था ८५ च म्हणते आणि वर असंही सांगते की दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला एकच तास. कास्टिंगवर ग्राइंडर टेकला की आवाज नव्वदीच्या पुढं सहज जातोय. आणि आमची शिफ्ट काय तासाची नसते.

तिथं कामाला येतात ते साधे फोमचे बोळे, नाहीतर कानावरचे मफ. बोळे स्वस्त आहेत पण घालायची पद्धत कुणी शिकवत नाही, नुसतं दाबून कोंबतात आणि अर्धा बोळा बाहेर लोंबत असतो. हात धुवायचे, कारण काळ्या वाळूचे हात कानात नकोत, मग बोळा बोटांत वळून बारीक काडी करायची, दुसरा हात डोक्यामागून घेऊन कान वर-मागं ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटला की समजायचं बसलाय. कापसाच्या बोळ्यानं नुसतं मनाचं समाधान. चष्मा असेल तर मफच्या कडेनं फट राहते, त्याला बोळेच बरे. सगळ्यात जास्त आवाज अडवणारा बोळा पण घेऊ नये, मागून येणाऱ्या क्रेनचा, फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, आणि एकदम बहिरं झाल्यासारखं वाटलं की माणूस बोलायला म्हणून सारखा काढतोय, आठ तासांत अर्धा तास जरी काढला तरी निम्मा फायदा गेला असं धरा.

आणि हे पाळलं नाही की काय होतंय ते वडगाव-खासबागच्या पावरलूमवर आयुष्य काढलेल्या माणसांना विचारा. आमच्या ओळखीचे एक मामा आहेत. त्यांना ऐकू येतंय, शब्द कळत नाही. आवाजानं कान जातो तो आधी वरच्या पट्टीत जातो, ४००० हर्ट्झच्या आसपास, आणि स, श, त, फ ही सगळी अक्षरं त्या वरच्या पट्टीतली. आ, ओ, ऊ खालच्या पट्टीत, ते शाबूत. त्यामुळं ‘साठ नग’ म्हटलं तर ‘आठ नग’ ऐकू येतंय. आमच्या शॉपमध्ये हे असलं झालं की अख्खा लॉट अडकतो. वर आपल्या भागात मालक मराठी बोलणार, ऑपरेटर कन्नड, हेल्पर हिंदी. आपल्या भाषेत एक अक्षर गळलं तर डोकं भरून काढतंय, दुसऱ्या भाषेत ते जमत नाही, मग लोक म्हणतात ह्याचं लक्षच नसतं.

त्या मामांना एका कॅम्पमध्ये मशीन विकलं गेलं. टेस्ट म्हणजे मागून टाळी वाजवली. मशीन घातलं तर भांडी, रिक्षा, नळ सगळं अंगावर यायला लागलं आणि सुनेचं बोलणं होतं तसंच. कारण ते नुसतं आवाज वाढवणारं होतं, सगळ्या पट्ट्या सारख्या वाढवणारं. नीट कर्णयंत्र असेल तर त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे (कुठल्या पट्टीत किती ऐकू येतंय त्याचा आलेख) कमी पडलेली पट्टीच वाढवतंय, आणि त्यासाठी आधी कान-नाक-घसावाल्याकडं जाऊन मळ बिळ बघून बंद खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची टेस्ट, करावी लागते. बेळगावात सरकारी दवाखान्यात हा विभाग आहे, प्रत्येक वेळी मिरज-कोल्हापूर गाठायला नको. (एखाद दिवशी अचानक एक कान बंद पडला तर मात्र मशीन-बिशीनच्या नादाला न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ते बरं होण्यासारखं असतंय ते पहिल्या काही दिवसांतच, उशीर झाला की अवघड.)

ऑडिओमेट्रीच्या टेस्टमध्ये शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात. तो शब्द कुठल्या भाषेतला आहे हे विचारून घ्या. घरात मराठी बोलणाऱ्या सत्तरीच्या माणसाला कन्नड शब्द ऐकवले तर चुकणार तो कान आहे की भाषा हे कसं कळायचं? चंदगडच्या माणसाला बेळगावात आणि बेळगावच्या कन्नड माणसाला कोल्हापुरात, दोन्हीकडं हाच घोळ. मराठीतून घ्या म्हणून सांगायला लाजू नका, हे काय सीमाप्रश्नाचं आंदोलन नव्हे, टेस्ट बरोबर यायची गोष्ट आहे.

मशीन ट्रायलला घेतलं की घरात हॉलमध्ये नाही, कामाच्या जागी घालून बघा. काउंटरवर बसणारा असेल तर काउंटरवर, बँकेतला असेल तर काचेमागं. पहिले काही आठवडे कागदाची खसखस पण त्रास देते, ते निवळतंय. पण ग्राइंडरजवळ घालायचं नाही, आणि बंद करून बोळा म्हणून पण वापरायचं नाही. आपल्या पावसात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. सेलवाल्या मशीनच्या सेलचं स्टिकर काढलं की तो वापरा न वापरा संपायला लागतोय, म्हणून आधीच काढून ठेवू नका.

दिव्यांगाचं कार्ड २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांचं ऐकणं ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त कमी झाल्यावरच, कार्ड केंद्राचं असल्यामुळं महाराष्ट्रात पण चालतंय. पण ४५ वाला माणूस कार्डात बसत नाही आणि मीटिंगमध्ये पण बसत नाही, त्याचं काय ते कुणाच्या योजनेत नाही.

आवाजानं गेलेलं ऐकणं कारखान्याच्या कायद्यात कामामुळं होणारा रोग म्हणून लिहिलेलं आहे, कामगार विम्याच्या (ईएसआय) यादीत पण आहे. तरी उद्यमबाग, मच्छे, होनग्याला किती कारखान्यांत भरतीच्या वेळी कानाची टेस्ट होते, आणि झालीच तर तो कागद कामगाराच्या हातात येतो का फाईलला लागतो? पुढं क्लेमची वेळ आली तर कामाला लागताना कान कसा होता हे दाखवायला तोच कागद लागणार. फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेनं आणि तुमच्या वार्ताहरानं दोघांनी एकदा हे विचारून छापावं, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव